गेममधल्या बायका बघून पोरांची नजर बिघडते का?

रेवती_के (धागाकर्ती)
१९८१ चा डाँकी काँग घ्या, पॉलीनला गोरिला उचलून नेतो. १९८५ च्या सुपर मारिओत राजकन्येला बाउझर पळवतो. पोरानं उड्या मारत जायचं आणि शेवटी बक्षीस म्हणून बाई. मेट्रॉइडमध्ये (१९८६) तर कमाल आहे: चिलखतातला योद्धा बाई निघतो, पण गेम जितका झटपट संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी! १९९६ मध्ये टूम रेडर गेमची नायिका लारा क्रॉफ्ट आली. धाडसी, हुशार, सगळं खरं. चर्चा मात्र तिच्या छातीची झाली. वर्षानुवर्षं हेच बघून बाई म्हणजे सजावट, हे पोरांच्या मनात बसतंच.

घाटावरचा_गेमर
"बसतंच" कशावरून? जर्मनीत ८२४ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. जास्त खेळणाऱ्यांचे बायकांबद्दलचे विचार जास्त मागास झाले, असं काही सापडलं नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यात एक गेम खेळला नाही. आजी मात्र सगळ्यांची पानं उठल्यावरच जेवायची.

रेवती_के
आजोबांचा मुद्दा मान्य. पण त्या अभ्यासात किती वेळ आणि कुठल्या प्रकारचे गेम खेळता एवढंच विचारलं होतं. गेममध्ये बाई कशी दाखवलीय हे मोजलंच नाही. फ्रान्समध्ये ११ ते १९ वयाच्या १३,५२० मुलामुलींना विचारलं (२०१७), तिथे गेम खेळणं आणि बायकांबद्दलचे मागास विचार यांचा संबंध दिसला की!

घाटावरचा_गेमर
दिसला, पण बारीक. त्याच पाहणीत धार्मिकतेचा संबंध त्याहून मोठा निघाला, ते का गाळलंत? शिवाय एकदाच विचारलंय. पोरगा आधीच तसा होता की गेममुळे झाला, हे त्यातून कळत नाही.

माईक_ऑफ
तुम्ही दोघं चित्रावरून भांडताय. मी रोज रात्री बॅटल रॉयल (शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला, असा ऑनलाइन गेम) खेळते. माईक ऑन केला की "भाकऱ्या थाप जा", नाहीतर "इन्स्टा आयडी दे". आता नावही मुलाचं घेतलंय. हेलो ३ या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमवर एक प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला: तीच रेकॉर्ड केलेली वाक्यं एकदा पुरुषाच्या, एकदा बाईच्या आवाजात ऐकवली. बाईच्या आवाजावर जास्त कोण घसरलं? कच्चे खेळणारे. मुरलेले नव्हेत. माझा अनुभव डिट्टो हाच. स्वतः आधी मरतात आणि शिव्या मला.

घाटावरचा_गेमर
+१. म्हणजे दोष गेमचा नाही, पोरांचा.

रेवती_के
आणि चित्राचा काहीच परिणाम नसेल तर द लास्ट ऑफ अस भाग २ (२०२०) मधल्या अ‍ॅबीचे कमावलेले दंड बघून इतका जळफळाट का झाला? तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या आल्या. तिच्या तान्ह्या बाळापर्यंत गेले लोक.

घाटावरचा_गेमर
अ‍ॅबीवरचा राग मुख्यतः कथेचा होता, तिनं लाडक्या नायकाला मारलं म्हणून. दंडावर बोलणारे होते, नाही म्हणत नाही. धमक्या देणाऱ्यांना आत टाका, माझी हरकत नाही.

सदाशिव_पेठी
पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) कुणी खेळलंय का? बहीण धाकट्या भावाला राक्षसाच्या तावडीतून सोडवायला निघते. मारामारी थोड्या वेळानं कंटाळवाणी होते हे सांगून ठेवतो, पण पोरगी कुठेही शोपीस नाही. आणि ते महाल बघण्यासाठी तरी खेळा! असो, अवांतर झालं.

माईक_ऑफ
अवांतर नाही, छान आहे. पण राजीत माईकच नाही ना! इथले जे स्क्वॉडमध्ये (चौघांच्या टीममध्ये) खेळतात त्यांनी सांगा, एखादा असं बरळला तर तुम्ही काय करता?

घाटावरचा_गेमर
म्यूट.

माईक_ऑफ
म्यूट तर मीही करते. चौघांतल्या एका मुलानं "ए, गप खेळ ना" म्हटलं की बरळणारा लगेच गप्प होतो, हे बघितलंय मी. मी म्हटलं की आणखी चेकाळतो.