मिरजेच्या सतारीला जीआय मिळालं, पण कारागिराच्या घरात फरक काय?

मिरजकर_पोरगी:
वडील तीस वर्षं सतार-तंबोऱ्याचं काम करतात, दुसऱ्याच्या दुकानासाठी. २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच गावचा अशी सरकारी नोंद) मिळालं तेव्हा गल्लीत सगळे लई खूश होते. पण मजुरी तीच आणि भोपळा, लाकूड सगळं महागलं. धाकटा भाऊ म्हणतोय मी कुपवाड एमआयडीसीत लागतो, आणि त्याला थांब म्हणायला माझ्याकडं कारणच नाही. कारागिराला याचा थेट फायदा होतो का?

कृष्णाकाठ:
ताई, जीआय संस्थेच्या नावावर असतं. वडिलांना ते नाव स्वतःच्या मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून त्यांची वेगळी नोंदणी लागते, अर्ज चेन्नईच्या जीआय ऑफिसात जातो. ती नसेल तर जीआयचं नाव दुकानवालाच वापरणार आणि जवारी काढणारा, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवणारा माणूस कुणाला कळणारच नाही. आधी हे बघा.

शिकलगार_गल्ली:
आमची माणसं मुळात हत्यारांना धार लावणारी. ते काम बसलं तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता सतार बनवायला घेतली आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात अजून उरुसाला गवई येऊन गातात. हिंदू-मुसलमान असा प्रश्न या धंद्यात मी कधी बघितला नाही, भोपळा पंढरपूरकडचा शेतकरी पिकवतो, वाद्य आम्ही करतो, वाजवणारा कुठलाही. पण १९४८ ला संस्थान गेलं आणि आमच्यासाठी बोलणारं कुणी राहिलं नाही. मतं थोडी आहेत ना आमची, म्हणून प्रचारात सतार भेट देतात आणि नंतर कुणी फिरकत नाही, याचा मला खरंच राग येतो.

सांगली_सुतार:
यात भर घालतो. केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत, सुतार आहे, लोहार आहे, न्हावी आहे, पण वाद्य बनवणारा असा वेगळा धंदाच नाही. पहिलं कर्ज १ लाख, नंतर २ लाख, व्याज ५ टक्के, म्हणजे स्वतःचा माल घेऊन स्वतः विकायला एवढं पुरतं. सगळ्यांनी मिळून आमदार-खासदाराकडं हा १९ वा धंदा मागा, एकट्यानं जाऊन उपयोग नाही.

मिरजकर_पोरगी:
आत्ताच वडिलांना विचारलं, त्यांची नोंदणी नाही. गल्लीत अजून कुणाकुणाची नाही ते उद्या बघते आणि सगळ्यांचे अर्ज एकदमच भरायला घेते. भावाला म्हटलं, फॉर्म भरायला तरी बस माझ्याबरोबर. हो म्हणालाय.