अल-हदबा नुसता पाया खचून कलला नव्हता

इराकमधल्या मोसुल शहरातल्या अल-नूरी मशिदीचा अल-हदबा मिनार पाया खचल्यामुळे कलला, असे काही जण म्हणतात. मला ते अपुरे वाटते. विटा जोडणारा जिप्समचा कमकुवत मसाला, एकाच दिशेने सतत येणारा वारा आणि उन्हाकडच्या बाजूच्या विटांचे वर्षानुवर्षे होणारे प्रसरण, अशी कारणेही जाणकार देतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने पाहिला तेव्हाच तो झुकलेला होता. हदबा म्हणजे कुबड आलेली! लोकांनी इतक्या मायेने ठेवलेले नाव मला दुसऱ्या कुठल्या वास्तूचे आठवत नाही.

तिथल्या राज्यकर्त्या नूरुद्दीन झंगीने ११७२-७३ मध्ये बांधलेला हा मिनार सुमारे ४५ मीटर उंच होता. चौकोनी बैठकीवर गोल खांब, त्यावर विटांच्याच नक्षीचे सात पट्टे, प्रत्येकाची वीण वेगळी. रंग नाही, दगड नाही, फक्त वीट पुढे-मागे बसवून पाडलेली सावली. आत दोन जिने एकमेकांभोवती फिरत जात, पण वर पोहोचेपर्यंत भेटत नसत. हे ज्या गवंड्यांना सुचले त्यांना माझा दंडवत.

मशिदीचे प्रार्थनागृह १९४० च्या दशकात पाडून नव्याने बांधले गेले, त्यामुळे झंगीच्या काळातली मुख्य खूण म्हणजे हा मिनारच होता. २१ जून २०१७ रोजी आयसिसने सुरुंग लावून तो पाडला. बैठकीवर थोडेसे खोड उरले. पुढे ढिगाऱ्यातल्या हजारो जुन्या विटा वेचून युनेस्कोच्या प्रकल्पात तो पुन्हा उभारला, तोही कललेलाच. सरळ मिनार मोसुलकरांना नकोच होता.