युंगफ्राऊ आणि सत्तरीतले आई-वडील

पॅरिस, ॲमस्टरडॅम, कोलोन, स्वित्झर्लंड, व्हेनिस हा तुमचा बेत वाचला. सत्तरीतले आई-वडील आणि मुलं सोबत असताना स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोख या आल्प्स पर्वतातल्या उंच रेल्वे स्टेशनला जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा, पण घाईघाईत उरकू नका.

ते स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. १९१२ मध्ये तिथवर पोचलेली रेल्वे आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातल्या बोगद्यातून वर चढते. हल्ली पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून आयगर एक्स्प्रेस रोपवेने बराच वेळ वाचतो, पण शरीराला उंचीची सवय व्हायला तेवढाच कमी अवधी मिळतो. म्हणून वडीलधाऱ्यांना लाउटरब्रुनेन गावाहून क्लाइने शायडेग स्टेशनमार्गे जुन्या दातेरी रुळांच्या गाडीने न्यावं, असं माझं मत. वर पोचल्यावर आधी निवांत बसू द्या, घोट घोट पाणी द्या, मगच ‘आलेच’ नावाची हिमनदी बघायला चला. आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी आहे ती, डोळ्यांत मावत नाही! हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की विचारा. त्यांनी नको म्हटलं, तर आजी-आजोबांना लाउटरब्रुनेनमध्येच थांबवा. जवळपास ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबाख धबधबा गावातूनच दिसतो.

कोलोनला मुक्काम नको. तिथलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, स्टेशनबाहेरच आहे, जाता-जाता बघून होईल. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं बघा. आणि युंगफ्राऊचं तिकीट काढण्याआधी त्या दिवशी सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहा. ढग असतील तर दिवस बदला.