रि: रि: रि: पिशव्या आक्रसल्याच नाहीत

वहिनी, मंगळवार सकाळ

नमस्कार मंडळी,

शनिवारी वाटलेल्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून मी रविवारी सकाळी साठवणीच्या तांदळाच्या पाच पिशव्या सील केल्या. आज तिसरा दिवस, एकही आक्रसलेली नाही. मास्तर तर म्हणाले होते, दुसऱ्या दिवशी पिशवी दाण्यांना अशी चिकटते की बाहेरून दाणा न् दाणा हाताला लागतो. माझ्या पाचही उशीसारख्या गुबगुबीत आहेत. एकीकडून दाबलं की हवा दुसरीकडे पळते. सील पक्कं आहे, बादलीत बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही आला.

मागच्या वेळचे पोरकिडे आठवले की अजून अंगावर काटा येतो, म्हणून विचारते. उघडून परत करू की राहू देऊ? आज सांगा. सील करायची इस्त्री अजून माझ्याकडेच आहे.

खजिनदार, मंगळवार दुपार

पुड्यांमध्ये दोष नाही. शुक्रवारी मी स्वतः १०० च्या १०० मोजून घेतल्या आहेत. पाकिटातली खुणेची गोळी गुलाबी होती, म्हणजे आत हवा गेलेली नव्हती. गेली असती तर ती निळी पडते. माझ्या घरच्या चारही पिशव्या उत्तम आक्रसल्या आहेत. वहिनींनी सील पुन्हा एकदा पाहावं.

खरेदीबद्दल कोणाची तक्रार असेल तर ती समितीला वेगळी कळवावी. सगळ्यांच्या मेलमध्ये नको. इस्त्री यादीप्रमाणे पुढे अक्कांकडे जायची आहे.

अक्का, मंगळवार दुपार

इस्त्री मला नको, माझं नाव काढा. दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं.

मी तांदूळ फ्रीजरमध्ये ठेवते. उणे १८ अंश, चार दिवस. किडा मरतो, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण निवू द्यायची, नाहीतर दाण्यावर दव धरतं आणि मग बुरशी. तेवढं सांभाळलं की झालं. ना पुडी, ना इस्त्री, ना समिती.

खजिनदार, मंगळवार दुपार

"निवू द्यायची" म्हणजे काय अक्का? थंड वस्तू निवते कशी?

अक्का, मंगळवार दुपार

कळलं ना? मग झालं.

मास्तर, मंगळवार रात्र

अक्कांचा उपाय बरोबर आहे, पण हिशोब करा. आपण प्रत्येकी २० किलो घेतले. घरच्या फ्रीजरमध्ये एका वेळी चार किलो मावले तरी पुष्कळ. चार-चार दिवसांच्या पाच पाळ्या, म्हणजे वीस दिवस. तोवर उरलेल्या पोत्यात सोंडे संसार थाटून बसतील. आणि वीस किलोंचं पोतं सबंध आत ढकललं तर मधल्या दाण्यापर्यंत थंडी पोचायलाच खूप वेळ जातो. शिवाय गोठवून आत असलेला किडा मरतो, पुढे बाहेरून येणारा थांबत नाही. बंद डबा लागतोच.

आता वहिनींचा प्रश्न. पिशवी आक्रसली नाही एवढ्यावरून पुडी मेली असं म्हणता येत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, आणि पुडी नायट्रोजनला हातही लावत नाही. वर रिकामी जागा जास्त राहिली असेल तर सगळा ऑक्सिजन संपूनही पिशवी सैलच दिसेल. वहिनी, सील करताना वरची हवा हाताने दाबून काढली होती का?

पण मला शंका वेगळीच आहे, आणि ती पुड्या आल्या त्या दिवसापासून आहे. आपल्या पिशव्या ४ लिटरच्या. तांदूळ कितीही ठासून भरा, दाण्यादाण्यांत मिळून सुमारे ४० टक्के पोकळी राहतेच. म्हणजे साधारण १६०० मिलीलिटर हवा. तिचे २१ टक्के म्हणजे ३३६. आणि पुडी आपण घेतली ३०० ची, म्हणजे ३०० मिलीलिटर ऑक्सिजन खाणारी! वरची मोकळी जागा मी यात धरलेलीच नाही. ५०० ची घ्या म्हणून मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. इतिवृत्तात असेल.

सचिव, बुधवार सकाळ

इतिवृत्तात "मास्तरांनी सूचना मांडली" एवढंच आहे. आकडा नाही.

खजिनदार, बुधवार सकाळ

३०० घ्यायचं मीटिंगमध्ये सर्वांनी मिळून ठरवलं. आणि पुन्हा सांगतो, माझ्या पिशव्या त्याच ३०० च्या पुडीने आक्रसल्या आहेत.

वहिनी, बुधवार सकाळ

मास्तर, हवा दाबून काढली होती. मुलाला पिशवीवर बसवूनच सील केलं.

काल रात्री राहवलं नाही, एक पिशवी कापली. पुडी हातात घेतली तर टणक! बिस्किटासारखी, वाकवली तर कट्कन आवाज आला. शनिवारी हातात दिली तेव्हा आत भुकटी सळसळत होती ना? निदान मला तसं आठवतंय. उरलेल्या आठ पुड्या स्वयंपाकघरात झिपच्या पिशवीत आहेत, त्याही तशाच झाल्यात.

माई, बुधवार दुपार

आता बोलावंच लागतं. शनिवारी मी अगदी टेबलाजवळ बसले होते. दहा वाजता पाकीट कापलं, पहिल्या पुड्या कोणी उचलल्या ते मी सांगत नाही, आणि नंतर ते पाकीट तसंच उघडं, साडेबारापर्यंत. मध्ये चहा झाला, हॉलच्या भाड्यावरून वाद झाला, परत चहा झाला. मी मधे हात घातला तर सगळा ढीग कोमट लागला. मला वाटलं, उन्हाचा असेल. ऊन होतं कुठे त्या दिवशी?

मी माझ्या पुड्या साखरेच्या डब्यात घातल्या होत्या. साखरेचा दगड झालाय, बत्त्याने फोडते आहे. हेही कोणी आधी सांगितलं नाही.

मास्तर, बुधवार दुपार

कोमट! माई, हे शनिवारीच बोलला असतात तर!

पुडीत असते लोखंडाची भुकटी, जोडीला मीठ आणि किंचित ओलावा. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं, गंजताना ऑक्सिजन खातं आणि गरम होतं. ढीग कोमट लागला म्हणजे आपल्या पुड्या हॉलमधलाच ऑक्सिजन खात बसल्या होत्या. गंज पुरा चढला की भुकटीचा गठ्ठा बनतो, तेच वहिनींचं बिस्किट. पाकीट उघडल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या पुड्या पिशव्यांत बंद व्हायला हव्यात. उरतील त्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणी शक्य तितकी भरलेली. झिपच्या पिशवीचा उपयोग नाही, पातळ प्लास्टिकमधून हवा झिरपत राहते. आपल्या तांदळाच्या पिशवीला आतून ॲल्युमिनियमचा थर आहे तो त्यासाठीच.

साखर आणि मिठात पुडी घालायचीच नसते. दोन्हींत किडा होत नाही. कोरड्या जागी घट्ट झाकण लावलं की ती वर्षानुवर्षं टिकतात.

ज्यांच्याकडे पुड्या उरल्यात त्यांनी असं करा: पत्र्याच्या झाकणाची रिकामी बरणी घ्या, आत एक पुडी टाका, झाकण घट्ट पिळा, रात्रभर ठेवा. सकाळी झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसला तर पुडी जिवंत.

एक नवीन सभासद, बुधवार संध्याकाळ

नमस्कार, मी यादीवर नवीन आहे. ब्राऊन राईसला पण हेच सगळं लागू होतं का? आम्ही पांढरा खात नाही. आणि सामानाच्या यादीत मध आहे, तो किती दिवस टिकतो? घरी सात महिन्यांचं बाळ आहे म्हणून जास्त प्रश्न विचारते, सॉरी.

डॉक्टर, बुधवार रात्र

मध टिकतो हो, वर्षानुवर्षं. पण बाळाला वर्ष पुरं होईपर्यंत बोटभरसुद्धा चाटवायचा नाही. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या पोटात चालतं. घरातलं वडीलधारं कोणी आग्रह करेल, तरी नाही. बाळासाठी सीलबंद दुधाचा डबा आणि तो कालवायला वेगळं पाणी, हे यादीत सगळ्यात वर हवं.

तोच जंतू दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवा. त्याला ऑक्सिजन नसलेली ओलसर जागा आवडते. तेव्हा या पिशव्यांत फक्त खडखडीत कोरडं घाला. मऊ सुकामेवा, घरी अर्धवट वाळवलेल्या भाज्या, असलं काही घालू नका. फुगलेला डबा दिसला तर चव बघायच्या भानगडीत न पडता टाकून द्या.

माई, बुधवार रात्र

ब्राऊन राईस साठवू नका. कोंड्यात तेल असतं, सहा महिन्यांत खवट. कणकेचंही तेच, गहू टिकतात पण पीठ टिकत नाही. आणि सॉरी कशाला, इथे सगळ्यांनी असंच विचारत विचारत शिकलंय.

भाऊ, गुरुवार पहाट

सगळं वाचलं. तांदळाचं राहू द्या, मी डब्यांचं सांगतो.

मागच्या वादळात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. घरात राजमा, मका, टोमॅटो, सूप मिळून चाळीस डबे. हौसेने जमवलेले, तारखेप्रमाणे लावलेले, जुने पुढे, नवे मागे. आणि डबे उघडायचं यंत्र विजेवरचं! हिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. शेवटी एक डबा उलटा धरून मागच्या पायरीच्या खरबरीत सिमेंटवर घासत बसलो. काठाची घडी झिजली की झाकण सुटतं, हे कुठेतरी ऐकलं होतं. सुटलं खरं, पण एकदम सुटलं, आणि अर्धं सूप पायजम्यावर. त्या रात्री चौघांत तो एक डबा आणि थंड मका.

तेव्हापासून हाताने फिरवायची उघडणी एक स्वयंपाकघरात, एक गाडीत.

आणि हा २० किलो तांदूळ शिजवणार कशावर? पाणी कुठलं? माणशी रोज ४ लिटर धरा, पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी. चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर झाले. त्याची खरेदी समिती कुठे आहे?

मास्तर, गुरुवार सकाळ

भाऊ, तुम्ही एकटे नाही. पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० चं, आणि तो उघडायच्या अवजाराचं पेटंट निघालं १८५५ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन बसत होते.

अक्का, गुरुवार सकाळ

सुके राजमे वर्षं-वर्षं ठेवू नका. टिकतात, पण जुने झाले की सगळे गणंग. किती भिजवा, किती शिट्ट्या द्या, मऊ होत नाहीत. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला तर थोडा फरक पडतो. वीज-गॅस नसताना दोन तास राजमा शिजवत कोण बसणार? तिथे डब्यातलाच बरा, शिजलेला असतो.

भाऊ, शेगडी घरात लावू नका, कॅम्पची असो की कोळशाची. बाहेर. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच.

वहिनी, गुरुवार सकाळ

बरणीचा निकाल. दोन बरण्या केल्या. एकीत माझी बिस्किट-पुडी. दुसरीत खजिनदारांच्या घरून आणलेली. त्यांनी चार पिशव्यांत घालून उरलेल्या लगेच बरणीत बंद केल्या होत्या, हे काल कळलं. माझी बरणी होती तशीच. त्यांच्या बरणीचं झाकण मध्ये चांगलं खोल गेलंय, बोटाने दाबलं तर टिक् होत नाही. उघडायला दोन जण लागलो.

खजिनदार, गुरुवार दुपार

बरं. पाकीट उघडं राहिलं हे मान्य. ते मी एकट्याने उघडं ठेवलं नाही, चहा सगळ्यांनी घेतला. बरणीत ठेवायचं मला ठाऊक होतं, ते सगळ्यांना सांगायचं राहून गेलं.

नवीन पुड्या मागवतो, ५०० च्या. मास्तर, या वेळी सूचना आकड्यासकट लिहून द्या. ५० चं एक मोठं पाकीट न घेता १०-१० ची पाच घेऊ, म्हणजे एका वेळी एकच कापता येईल. वाटप घरी नेण्यासाठी नाही. तांदूळ आणि पिशव्या घेऊन हॉलवर यायचं, तिथेच भरायचं, तिथेच सील. मरून गेलेल्या पुड्या टाकून द्या, परत आणू नका. चहा सील झाल्यावर. वहिनी, इस्त्री आणा.

माई, गुरुवार दुपार

साखर आणू का?

मास्तर, गुरुवार दुपार

नको!

अक्का, गुरुवार संध्याकाळ

मी येणार नाही, माझे तांदूळ फ्रीजरमधून निघून डब्यात गेले. माझ्या वाटच्या पुड्या त्या बाळाच्या आईला द्या. इस्त्रीच्या यादीत माझं नाव अजून आहे.