शिंगटा मासा धरला म्हणून मारेकरी ठरवणाऱ्यांनो, एकदा काठावर या

भीमाकाठचा_बाळू:
परवा इथं एकानं लिहिलं, पावसाळ्यात नदीकाठी गळ टाकून बसणारे म्हणजे नदीचे मारेकरी. कुणाच्या तरी सात किलोच्या शिंगट्याचा फोटो लावला आणि खाली 'पोटात अंडी होती, लाज वाटते का?' फोटो माझा नव्हता. पण तसलाच एक माझ्याकडं हाय, म्हणून बोलतो.

आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. आज्याची काळी रानं खाली आणि आम्ही वर माळावर. आता त्याच पाण्यातला मासा धरायलाही तुमची परवानगी काढायची का? जाळं नाही, होडी नाही. एक गळ, त्याला कोंबडीचं आतडं, वर शिसं. शिंगटा तळाला चरतो म्हणून तळाला सोडायचा. दिवस मावळला, पाणी गढूळ असलं की मिशांनी चाचपत येतो काठाला. डास फोडून काढतात. चार रात्री बसलं तर एखाद्या रात्री ओढ लागते. एवढ्यानं नदी संपती? जिलेटिनचा तोटा टाकणारे, इजेचा करंट सोडणारे, त्यांच्यावर लिवा की. सुरुंग आणि विष १८९७ च्या कायद्यापासनंच बंद हायेत. त्यांच्यापुढं जायला मात्र तुमची छाती होत नाही.

रानवाटा:
तो लेख माझा. 'मारेकरी' हा शब्द जड झाला, मान्य. मुद्दा गळाचा नव्हता, महिन्यांचा होता. समुद्रात यांत्रिक होड्यांना पावसाळ्यात बंदी कशासाठी असते? शिंगाळा, म्हणजे तुमचा शिंगटा, तळाशी खड्डा करून अंडी घालतो, नंतर त्याची राखण करतो. राखणदारच उचललात तर पिल्लं चिलापी माशाच्या घशात. सात किलोचा मासा व्हायला किती वर्षं लागतात, ते फोटो काढताना कुणी मोजत नाही.

अलिबागची_वहिनी:
आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला अख्खं गाव ओढ्यात उतरतं. तेही अंडी घालायलाच चढतात. मग माझी आजीही मारेकरी का?
आणि शिंगाळा म्हणजे समुद्रातला हो! नदीतल्याला काय वाटेल ते म्हणा. लहानपणी शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं, बिनखवल्याचा मासा त्यांना चालत नसे. आई शिंगाळा करायची त्या दिवशी वाटी न देता नुसता निरोप द्यायची.

मुठेकाठी:
'सोडून द्या' म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न. मांगूर लागला तर तोही सोडायचा? मागच्या वर्षी मला तीन किलोचा लागला. मिशा बघून शिंगटा समजलो, दया आली, सोडला. नंतर जाणत्या मित्रानं फोटो पाहून आईबहीण काढली. आफ्रिकन मांगूर होता.

रानवाटा:
मित्र बरोबर होता. देशी मांगूर किलोभराच्या वर क्वचित जातो. हा परदेशी हवेतून श्वास घेतो, सडक्या पाण्यात जगतो, समोर येईल ते खातो. २००० सालीच केंद्रानं बंदी घातली. तरी उजनीच्या कडेनं शेततळ्यांत कोंबडीची घाण घालून पोसलाच ना?

भीमाकाठचा_बाळू:
आता आलात उजनीवर! माझ्या मेव्हण्याचं तळं होतं. होय, मांगूरचंच. माशाचं बी विकणाऱ्यानं बंदीचं सांगितलं नाही. दोन वर्षांनी जेसीबी आला, सगळा मासा खड्ड्यात पुरला, कर्ज राहिलं. बी विकणारा कुठं गेला? त्याचा खड्डा कुणी खांदला?

मुठेकाठी:
वाईट वाटलं. पण पुरात फुटलेल्या तळ्यांतला मासा नदीतच गेला ना? तुझ्या मेव्हण्याचाच मी सोडला असेन.

भीमाकाठचा_बाळू:
तोंड सांभाळून. मेव्हण्याचं तळं फुटलं नव्हतं.

कृष्णामाई_सांगली:
अंडी, मांगूर, मेव्हणा... वरून साखर कारखान्याची मळी सुटते तेव्हा कुठं असता सगळे? रात्रीत पाणी चहासारखं होतं, सकाळी काठाला पांढऱ्या पोटांचा सडा. गळवाल्यानं आयुष्यभर धरले नसतील एवढे एका पहाटे बघितलेत मी. वास आठ दिवस गेला नाही. भांडत बसा.

रानवाटा:
त्यावरही लिहिलंय मी. तेव्हा तीन प्रतिक्रिया आल्या होत्या, त्यातली एक माझीच.

अलिबागची_वहिनी:
मळीच्या नदीतला मासा खाता तरी कसे?

भीमाकाठचा_बाळू:
वहिनी, आधी तो धरून बघा. पाठीचा न् कल्ल्यामागचा काटा असा बसतो की बोटं गाजरं होत्यात. मला लागला तेव्हा आईनं सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात हात धरून ठेवला तासभर. पुन्हा गळ धरणार नाही म्हणून शपथ घेतली. शपथ शनिवारपर्यंत टिकली.

मुठेकाठी:
मूळ प्रश्न राहिला. जून-जुलैत गळ टाकायचा की नाही?

भीमाकाठचा_बाळू:
पोट फुगलेली मादी लागली तर सोडीन. साहेबांनी सांगितलं म्हणून न्हवं, आज्जीबी तेच सांगायची. बाकीचा घरी येणार. आणि मांगूर लागला तर सोडणार नाही, मग मारेकरी म्हणा नाहीतर आणखी काय.

रानवाटा:
मांगुराला मारा, मी टाळ्या वाजवीन. आज्जीचं मात्र पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत, तर एवढं भांडण झालं नसतं.

भीमाकाठचा_बाळू:
तुम्ही विचारलं कुठं? डायरेक्ट लाजच काढली.

अलिबागची_वहिनी:
कालवणात चिंच घालता की आमसूल?

भीमाकाठचा_बाळू:
चिंच. आमसुलाचं नाव काढू नका.