फाफे, श्याम आणि तोत्तोचान चाळिशीत काय घालतील? वेशभूषेसाठी मदत हवी

खाडीपल्याड
मंडळी, आमच्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला मोठ्यांची वेशभूषा ठेवली आहे. विषय असा, की लहानपणी वाचलेलं पात्र आज चाळिशीत असतं तर कसं राहिलं असतं? फास्टर फेणे, ‘श्यामची आई’मधला श्याम आणि तोत्तोचान अशी तीन पात्रं ठरलीत. कार्यक्रम दिवाळीनंतर रत्नागिरीत, संध्याकाळी, उघड्या अंगणात. सगळे जण हाफ पँट आणि फ्रॉकच मोठ्या मापात शिवायला निघालेत, ते मला पटत नाही. शिंपी ओळखीचा आहे. कापड किती घ्यावं, खाऱ्या हवेत काय बिघडतं, नीट सांगा.

काजाबटण
तुमचा आक्षेप बरोबर आहे. लहानपणचा पोशाख मोठा करायचा नाही, सवय मोठी करायची. फाफेची सवय म्हणजे सायकल. रोज सायकल मारणाऱ्याचे कपडे ठरावीक जागीच झिजतात, तेवढं दाखवलंत तरी तो ओळखू येतो.

शर्ट सुती चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा. ३६ इंची पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड पुरतं. मागचा भाग पुढच्यापेक्षा दोन इंच लांब बेतायला सांगा, कारण हँडलवर वाकलं की शर्ट पाठीमागून वर सरकतो. पाठीला योकखाली, म्हणजे खांद्यांवरच्या जोडपट्टीखाली, दोन चुण्या हव्यात, नाहीतर हात पुढे केले की बगलेत टीप उसवते. पँट जाड सुती, ५८ इंची पन्ह्याची सव्वा मीटर. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीला सँडपेपर हलका घासून कापड थोडं विरवा. उजव्या पायाला आतल्या बाजूने, घोट्याच्या वर, चेनचा काळा डाग हवाच. चेन उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या पायाला डाग काढलात तर सायकलवाले लगेच ओळखतील. खरं वंगण लावू नका, शेजारच्याच्या कपड्यांना लागतं. कापडाचा काळा रंग जुन्या टूथब्रशवर अगदी थोडा घेऊन, जवळजवळ कोरडाच, आडवा ओढा. जॅकेट नको, घामाने हाल होतील. आणि माणूस किडकिडीत निवडा, फाफे अंगाने भरला की संपलं.

तांबडीमाती
श्याम आपल्या दापोलीकडचा. त्याच्या धोतराच्या काठाला जांभ्याची माती पाण्यात कालवून लावा. पांढऱ्या कापडावरून ती सहज निघत नाही, लांबूनही दिसते.

सुरंगी
तांबडीमाती, इथे मी अजिबात सहमत नाही. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर ओचा पसरते, तो प्रसंग आठवा. पायांना जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस, असं ती सांगते. त्या मुलाच्या चाळिशीतल्या धोतराला मळका काठ? कपडे साधे आणि स्वच्छच हवेत.

शिवाय श्यामचं मोठेपण कल्पनेने रचावं लागत नाही. पुस्तकात मोठा झालेला श्यामच आश्रमात रात्री आईच्या आठवणी सांगतो. खादीचा सदरा, धोतर, पांढरी टोपी, बस. गुडघ्यापर्यंतच्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याला ३६ इंची खादी तीन मीटर लागते. वर वीस सेंटिमीटर जास्त घ्या, कारण खादी आटते. बेतण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. हे टाळलंत तर पहिल्या धुण्यात बाह्या मनगटाच्या वर चढतात.

खळ भाताच्या पेजेची. पेज फडक्यातून गाळून चौपट पाण्यात घाला आणि कापड अर्धवट ओलं असतानाच इस्त्री करा. मात्र हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच. आठवडाभर आधी करून कपाटात ठेवलंत तर दमट हवेत कापड मऊ पडतं आणि बुरशीचे काळे ठिपके येतात, ते जात नाहीत. सेफ्टी पिना पितळी घ्या. लोखंडी पीन इथे एका रात्रीत गंजाचा डाग सोडू शकते.

माझी एकच कल्पनेची भर : खांद्याला झोळी, आतून जुन्या नऊवारीचं अस्तर. काठ तोंडाशी बोटभर दिसू द्या. आईचं लुगडं म्हणून ते सांगावं लागणार नाही.

काजाबटण
झोळी फार सुरेख. जुनं लुगडं विरलेलं असतं, त्यामुळे अस्तराला आतून मलमलचा थर द्या, नाहीतर टिपेच्या रेषेवरच फाटेल.

करवंटी
तोत्तोचानबद्दल. तीही खऱ्या आयुष्यात मोठी झालीच. तोत्तोचान म्हणजे पुस्तकाच्या लेखिका तेत्सुको कुरोयानागी स्वतःच. त्या १९७६ पासून जपानी दूरदर्शनवर मुलाखती घेतात आणि कांद्यासारखा उंच अंबाडा ही त्यांची ओळख आहे. तुम्ही तो जसाच्या तसा उचलू नका. पुस्तकातून धागा घ्या : तारेच्या कुंपणाखालून सरपटताना तिचे कपडे फाटायचे, आणि तिच्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी गुरुजी पालकांना मुलांना जुनेपानेच कपडे घालून पाठवा म्हणत. म्हणून चाळिशीतली तोत्तोचान उत्तम शिवलेला, पण दुरुस्त केलेला पोशाख घालेल.

गडद निळा सुती झगा, पोटरीपर्यंत, मोठे खिसे. पाठीवर खांद्यांच्या मधोमध आणि घेराला एकेक फाटल्याची खूण. कापड तिरकं फाडा, कात्रीने कापू नका, कापलेली कड ठिगळाची वाटते. मागून पातळ कापड लावून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बारीक धावते टाके घाला, ओळींत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून. पाठीचं रफू महत्त्वाचं, म्हणून तिला मंचावर एकदा पाठ फिरवायला सांगा. बटणं करवंटीची लावा, गंजायचा प्रश्नच नाही.

खाडीपल्याड
सगळ्यांचे आभार. मातीचा काठ रद्द, झोळी नक्की. सदऱ्यावर गंजाचा डाग पडलाच तर?

सुरंगी
लगेच बिंबलीचा रस चोळा किंवा लिंबू-मीठ लावून तासभर उन्हात ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पांढऱ्या खादीवरच हं, निळ्या झग्यावर केलंत तर रंग उडेल. धुतल्यावर खळ परत द्यावी लागेल, तेवढी पेज हाताशी ठेवा.