अखंड अ‍ॅक्सल गेला, त्याबरोबर काय गेले? जुन्या आणि नव्या फोर बाय फोरच्या रचनेविषयी

कमानपाटा

नमस्कार. गेली अठरा वर्षे मी एकच फोर बाय फोर चालवतो आहे. शिडीसारखी चॅसिस, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकच दांडा), चारही कोपऱ्यांत कमानपाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), साधे डिझेल इंजिन आणि गिअरच्या दांड्याला लागून ट्रान्स्फर केसचा (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) दुसरा दांडा, अशी तिची रचना आहे. पुढच्या चाकांचे हब (चाक दांड्याला जोडणाऱ्या कळा) अजूनही खाली उतरून हाताने फिरवावे लागतात. चिखलात शिरण्याआधी ते फिरवायचे राहिले, तर पुढचा अ‍ॅक्सल नुसते ओझे म्हणून बरोबर येतो. आता चॅसिस दोन ठिकाणी गंजली आहे आणि नवी गाडी घेण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी तीन नव्या गाड्या चालवून पाहिल्या. डांबरी रस्त्यावर त्या माझ्या गाडीपेक्षा सर्व बाबतींत सरस आहेत, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न पडला तो कच्च्या वाटेवर. तिथे उजवीकडे एक खोल चर आणि गाडीच्या लांबीइतक्या अंतरावर डावीकडे दुसरा चर, अशी तिरकी जागा आहे. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली नवी गाडी तिथे पोहोचली, तेव्हा तिचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक चरांवर अधांतरी लटकले आणि जागीच फिरू लागले. मी सवयीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, पुन्हा दिला, पुन्हा काढला. गाडी हलेना. चौथ्या प्रयत्नात चाकांजवळून करकर आवाज आला आणि ती हळूहळू बाहेर आली. त्याच संध्याकाळी माझी जुनी गाडी त्याच जागेतून लो रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरमध्ये नेली, तर तिची चारही चाके जमिनीला टेकलेली राहिली.

माझा प्रश्न असा आहे की, अखंड अ‍ॅक्सल सोडून स्वतंत्र सस्पेन्शन आणि चॅसिस सोडून एकसंध बॉडी हा जो बदल झाला, तो खरोखर सुधारणा आहे, की रचनेत जे गमावले ते इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढण्याचा प्रयत्न आहे? ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या पुष्कळ वापरल्या आहेत त्यांचे मत हवे आहे.

गिअरपेटी

आपल्या निरीक्षणात तथ्य आहे, पण श्रेय थोडे चुकीच्या भागाला दिले गेले आहे. अखंड अ‍ॅक्सल हा एकच दांडा असल्यामुळे एक चाक दगडावर चढले की त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चाक खाली दाबले जाते, आणि त्यामुळे ते जमीन सोडत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एका चाकाला दुसऱ्याची खबर नसते. ते आपल्या स्प्रिंगच्या आणि आर्मच्या मर्यादेपर्यंतच खाली जाऊ शकते. इथवर आपले बरोबर आहे. मात्र कमानपाटे स्वतः फारसे वाकत नाहीत. नवे कोरे, कडक पाटे असलेली गाडीसुद्धा अशा जागी चाक उचलते. आपल्या गाडीचे पाटे अठरा वर्षांत नरम झाले असणार, आणि त्या चरांत त्याचाच फायदा आपल्याला मिळाला असावा.

म्हणूनच पहिली मोठी सुधारणा झाली ती अ‍ॅक्सल तसाच ठेवून पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आणण्याची. १९७० च्या रेंज रोव्हरने अखंड अ‍ॅक्सलवर लांब पल्ल्याचे कॉइल स्प्रिंग दिले आणि चारही चाकांना कायमचे चालन दिले. १९४८ पासून पाट्यांवर चालत आलेल्या लँड रोव्हरला ते १९८३ मध्ये मिळाले, जीप रँग्लरला १९९७ च्या मॉडेलमध्ये आणि सुझुकी जिम्नीला १९९५ मध्ये. खडबडीत वाटेचा विचार केला, तर मला हाच काळ सर्वात समृद्ध वाटतो, कारण तोवर अ‍ॅक्सलची भूमिती शाबूत होती आणि स्प्रिंगला पुरेसा पल्लाही मिळाला होता.

मग तो सोडला का? अखंड अ‍ॅक्सल जड असतो, आणि डिफरन्शियलसह (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचासह) ते सगळे वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे चाकांबरोबर वरखाली उडत असते. वेगात खाचखळग्यांवरून जाताना ते वजन आवरणे शॉक अ‍ॅब्सॉर्बरला कठीण जाते, आणि पुढचा अ‍ॅक्सल अखंड असला की स्टिअरिंग सैल, हेलकावणारे वाटते. टोयोटाने १९९८ च्या लँड क्रूझर १०० मध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले, तेव्हा कष्टाची कामे करणाऱ्यांसाठी १०५ ही पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेली आवृत्ती बरोबरीने चालू ठेवली. बनवणाऱ्यांनाही या देवघेवीची पुरती जाणीव होती, हे त्यावरून कळते. मर्सिडीजच्या २०१८ च्या जी क्लासने पुढे स्वतंत्र आणि मागे अखंड अशी वाटणी केली आणि तिन्ही डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजू एकत्र बांधणारी कुलुपे) कायम ठेवले.

आता करकर आवाजाविषयी. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर मिळतो. लटकलेले चाक फिरवायला जवळजवळ जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो आणि गाडी उभी राहते. नव्या गाडीतला संगणक त्या फिरत्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावतो. ते फिरवायला जास्त जोर लागू लागला की तितकाच जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. आपण ऐकलेला आवाज ब्रेकच्या पंपाचा होता. या यंत्रणेला काम करायला चाक थोडे फिरावेच लागते आणि इंजिनचा जोर सतत मिळावा लागतो. आपण दर वेळी पाय काढलात, आणि तिने उचललेले काम दर वेळी अर्धवट राहिले. जुन्या गाडीत चाक फिरू लागताच पाय काढणे हीच योग्य सवय होती. नवीत अ‍ॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून दोन-तीन सेकंद वाट पाहावी लागते. त्याच जागेवर पुन्हा जाऊन एवढेच करून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन.

ग्रीसगन

मी या गाड्या दुरुस्त करतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहितो.

एकसंध बॉडी म्हणजे नाजूक, हा समज सोडावा. लाडा निवा १९७७ पासून एकसंध बॉडीची आहे. तिला कायमचे फोर व्हील ड्राइव्ह, लो रेंज आणि मधला डिफरन्शियल लॉक आहे. १९८४ ची जीप चेरोकी एकसंध बॉडीची होती आणि तरी तिला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल होते. या दोन गोष्टी एकत्रच बदलतात असे नाही, आणि मूळ प्रश्नात त्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. जुनी डिफेंडर २०१६ मध्ये बंद झाली आणि नवी २०१९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या एकसंध बॉडीवर आली, तेव्हा पुष्कळांनी तिला नावे ठेवली. पण पाण्यातून जाण्याची मर्यादा जुनीत ५०० मिलिमीटर होती, ती एअर सस्पेन्शनच्या नवीत ९०० झाली. पाण्यात आणि तिरक्या उतारावर मी ती चालवली आहे. दार उघडून बंद करताना चौकट जराही पिळल्यासारखी वाटत नाही. शिडी चॅसिसची गाडी अशा जागी उभी करून तिचे मागचे दार उघडून पाहावे, म्हणजे फरक हाताला कळतो.

गंजाचा मुद्दा आपण स्वतः अनुभवता आहात. जुन्या लँड रोव्हरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे आणि चॅसिस पोलादाची. हे दोन धातू जिथे टेकतात तिथे ओलावा राहिला की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन सुटते, आणि वरून रंग चांगला दिसत असताना आतून पत्रा गेलेला असतो.

नव्या गाड्यांविषयी माझी तक्रार वेगळी आहे. अलीकडे एक गाडी आली होती. तिच्या मागच्या चाकाजवळची, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर फांदीत अडकून तुटली होती. करंगळीपेक्षा बारीक वायर. त्या एका वायरीमुळे एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि उतारावर वेग धरून ठेवणारी सोय हे सगळे एकदम बंद झाले, आणि त्या गाडीला यांत्रिक लॉक नसल्यामुळे ती साध्या ओल्या चढावर अडकली होती. वायर बांधून घ्यायला आतल्या बाजूला दोन क्लिप जास्त दिल्या असत्या, तर हे झाले नसते. रचनाकाराने सेन्सरवर एवढा भार टाकल्यावर त्याच्या वायरीला चॅसिसइतकाच मान द्यायला हवा होता, आणि तो दिला जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की, इलेक्ट्रॉनिक्स जरूर असावे, पण किमान मागच्या अ‍ॅक्सलला यांत्रिक डिफरन्शियल लॉक असलेलीच गाडी निवडावी. ब्रेकने चालणारी यंत्रणा लांबलचक चढावर तापते आणि तापली की स्वतःला वाचवण्यासाठी काही वेळ बंद होते. लॉकमध्ये दोन्ही चाके एकत्र बांधली जातात, आणि ब्रेक तापण्याचा प्रश्नच उरत नाही.

लो रेंज

दोन गोष्टींची भर घालतो. आपल्या पार्ट टाइम (गरजेपुरतीच चारही चाके चालवणाऱ्या) ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर टायर घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो निघू शकत नाही आणि सगळा ताण शाफ्टमध्ये व गिअरमध्ये साठतो. दांडा मागे घेताना तो अडकून बसण्याचा अनुभव आपल्याला असेलच. मधले डिफरन्शियल किंवा क्लचचा संच असलेल्या नव्या गाडीत हा प्रश्न नाही, आणि अर्धा ओला, अर्धा कोरडा रस्ता असेल तेव्हा हा फरक जीव वाचवणारा आहे.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. आपण जुने चालक अंगठे स्टिअरिंगच्या कड्याबाहेर ठेवायला शिकलो, कारण चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग झटक्याने फिरून अंगठा मोडण्याची भीती असे. विद्युत स्टिअरिंगमध्ये तो झटका हातापर्यंत क्वचितच येतो. हात वाचतात, पण चाकाखाली काय चालले आहे याची बातमीही कमी येते. आपल्याला नवी गाडी कशी निघाली ते कळले नाही, त्याचे एक कारण हेही असावे.

कमानपाटा

सर्वांचे आभार. काल तीच गाडी पुन्हा मागून घेतली आणि त्याच चरांत नेली. चाके लटकली, फिरू लागली. मी पाय हलका पण स्थिर धरला आणि मनात आकडे मोजले. तीन म्हणेपर्यंत करकर झाली आणि गाडी पाऊलभरही न घसरता बाहेर आली. मी तिला तीन वेळा अडवले होते, हे मान्य करतो. परत येताना मात्र ग्रीसगन यांनी लिहिलेली वायर शोधायला खाली वाकलो, तर ती आर्मच्या खालून मोकळी गेलेली दिसली.

जिम्नीचाही विचार केला. २०१८ च्या पिढीतही शिडी चॅसिस, दोन्ही अखंड अ‍ॅक्सल, हाताचा दांडा आणि वर ब्रेकची ही नवी यंत्रणा, असे जुने-नवे एकत्र आहे. पण मला मागे सामानाची जागा जास्त लागते. त्यामुळे पुढे स्वतंत्र, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि मागे यांत्रिक लॉक, अशी रचना असलेली गाडी निश्चित केली आहे. शोरूममध्ये तिला २० इंची चाके लावलेली होती. मी १७ इंची मागितली, कारण टायरची भिंत जितकी उंच तितकी हवा कमी करून दगडावर आणि वाळूत त्याला पसरू देता येते. ती वायर बांधायच्या दोन क्लिप मी स्वतः लावणार आहे.